व्यसनाचें औषध सोडतांना

आमच्या घरच्या देवघरासमोर आजवर तीन शपथा झाल्या. पहिली आजोबांची. त्यांना तपकिरीचा नाद होता. एके दिवशीं पूजेला बसले असतां शिंक आवरेना. तेव्हां उठून त्यांनीं चांदीची डबी परसांतल्या विहिरींत टाकली आणि पुढें मरेपर्यंत तपकिरीला बोट लावलें नाहीं. दुसरी शपथ वडिलांची, चहाची. चार दिवस डोकें ठणकलें, पण तेंही पार पडलें. ह्या दोन गोष्टी आम्हां मुलांना इतक्यांदां ऐकविल्या गेल्या कीं, ‘सोडलें म्हणजे सोडलें’ हें आमच्या घराण्याचें बिरुदच होऊन बसलें. तिसरी शपथ तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत मीं माझ्या पुतण्याकडून घेवविली. ती घेवविण्यांत माझें केवढें चुकलें तें सांगावें, आणि त्या निमित्तानें जें कळलें तें चार घरांच्या कानीं घालावें, म्हणून हा लेख लिहीत आहें. लिहिण्यास पुतण्याची संमति आहे. नांव मात्र मी देत नाहीं.

हा मुलगा इंग्लंडांत अभियंता आहे. तेथें सायकलीवरून पडून त्याच्या पाठीला इजा झाली. वेदनेसाठीं कोडीनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या वाढत गेल्या, आणि पुरेनाशा झाल्या तेव्हां कोणा सोबत्यानें हेरॉइन पुढें केलें. दीड वर्षांत नोकरी गेली. घरीं फोन येई तो ‘सर्व क्षेम आहे’ एवढाच. पुढें तो आपण होऊन तेथील उपचार-केंद्रांत गेला. त्यांनीं त्याला मेथाडोन नांवाचें औषध सुरू केलें. त्यानंतर चार वर्षें त्यानें हेरॉइनला हात लावला नव्हता. नोकरी परत मिळाली होती, अंगावर मांस आलें होतें, आणि आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठीं तीन आठवड्यांची रजा काढून तो जव्हारास आला होता. आम्हांला ह्यांतलें कांहींएक ठाऊक नव्हतें.

वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, त्याची पेटी आवरतांना तींत कुलूप लावलेला एक पत्र्याचा डबा पाहिला. विचारल्यावर मुलानें कांहीं लपविलें नाहीं. डब्यांत हिरव्या औषधाच्या बाटल्या होत्या. एका मिलिलिटरांत एक मिलिग्रॅम, आणि त्याला रोज चाळीस मिलिग्रॅम लागत. डॉक्टरांचें पत्रही त्यानें काढून दाखविलें. मीं तें पत्र चष्मा लावून दोनदां वाचलें आणि म्हणालों, “म्हणजे व्यसन सुटलेलें नाहींच. दुकान बदललें एवढेंच.” आयुष्यभर वर्गांत अशीं वाक्यें बोलून मुलांना गप्प बसविण्याची संवय, येथेंही तो गप्प बसला. थोड्या वेळानें हळूच म्हणाला, “काका, हें एकदम सोडतां येत नाहीं.” मीं त्याला आजोबांच्या डबीची गोष्ट सांगितली. थोडी लाज, थोडा थोरल्यांचा मान, आणि आपणही एकदां ह्यांतून मोकळें व्हावें ही त्याची स्वतःचीच इच्छा, ह्या तिहींच्या भरांत त्यानें देवासमोर हात जोडले. सगळ्या बाटल्या मीं स्वतःच्या हातानें मोरींत ओतल्या. तो दिवस सोमवार होता.

मंगळवार चांगला गेला. बुधवारीं त्याला जांभया येऊं लागल्या, डोळे-नाक वाहूं लागलें. आम्ही म्हटलें, विलायतेहून आलेला मुलगा, आमच्या पावसानें सर्दी झाली. त्या रात्रीं जेवतांना मीं सर्वांदेखत म्हटलें, “पाहिलेंत? सुटलें कीं नाहीं?” मला आजही त्या वाक्याची लाज वाटते, कारण खरें दुखणें गुरुवारीं सुरू झालें. पोटांत मुरडे, उलट्या, जुलाब. पायांत अशी तळमळ कीं तो अंथरुणावर पाय आपटी. आणि झोंप म्हणून नाहीं. शुक्रवारीं त्याहून वाईट. मीं सुंठेचा काढा सुचविला, बंधु म्हणाले बाहेरचें कांहीं खाण्यांत आलें असेल. आजीनें त्याच्या कपाळावर हात ठेवला, दंडावरून फिरविला, आणि ती म्हणाली, “ह्याच्या अंगावर काटा आहे आणि घामही आहे. हा ताप नव्हे. माझ्या माहेरच्या मामांची परवान्याची अफू बंद झाली तेव्हां त्यांचें हेंच झालें होतें.” नाशकाच्या त्या मामांचें नांव आमच्या घरांत साठ वर्षांत कोणीं काढलें नव्हतें.

शनिवारीं पहाटे आम्हीं त्याला दवाखान्यांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं सगळें ऐकून घेतलें, मला एका शब्दानें दोष दिला नाहीं, शिरेंतून क्षारपाणी चालू केलें आणि नाशकाच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. दुपारीं मोखाड्यावरून, त्र्यंबकेश्वराच्या वाटेनें, धुक्यांत दिवे लावून आम्ही नाशकास पोहोंचलों. तेथें ब्युप्रेनॉर्फीन नांवाची गोळी त्याला जिभेखालीं ठेवावयास दिली, आणि तास-दोन तासांत पांच रात्रींनंतर तो मुलगा भिंतीला टेकून झोंपला.

दोन दिवसांनीं त्यानें मला एक गोष्ट सांगितली. शुक्रवारीं रात्रीं त्यानें मुंबईच्या कॉलेजांतल्या एका जुन्या सोबत्याला फोन लावण्याचा यत्न केला होता. कशासाठीं तें तुम्ही ओळखलें असेलच. पावसामुळें त्या रात्रीं जव्हारांत फोन लागत नव्हते.

ह्यापुढें मी जें लिहितों तें त्या डॉक्टरांपासून शिकलेलें आणि मागाहून वाचून ताडून पाहिलेलें आहे. मी वैद्य नाहीं. ज्यानें चूक केली त्यानें धडा गिरवावा, एवढाच माझा अधिकार.

मेथाडोन हें अफूच्याच जातीचें औषध आहे, पण तें खसखशीच्या बोंडांतून निघत नाहीं, रसशाळेंत तयार होतें. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनींतल्या हेक्स्ट येथील कारखान्यांत वेदनाशामक म्हणून तें प्रथम सिद्ध झालें. व्यसनाच्या उपचारासाठीं त्याचा पद्धतशीर उपयोग न्यूयॉर्क शहरांत डोल आणि निस्वांडर ह्या दोन डॉक्टरांनीं १९६४ च्या सुमारास सुरू केला. त्यांतील युक्ति साध्या दाखल्यानें सांगतां येईल. हेरॉइन म्हणजे पेंढ्याचा जाळ. भपकन् पेटतो आणि सहा-आठ तासांत विझतो, कीं पुन्हां पेंढा शोधावयास धांवावें लागतें. त्या धांवण्यांतच चोरी, सुई, कावीळ, एड्स आणि तुरुंग. मेथाडोन म्हणजे गोंवरीची धग. दिवसांतून एकदां घातली कीं चोवीस तास मंद राहते. भपकाही नाहीं आणि हुडहुडीही नाहीं. मनुष्य कामावर जातो, हिशेब करतो, मुलाबाळांशीं बोलतो. मधुमेहाचा रोगी इन्शुलिन घेतो, त्याला आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाहीं. माझा पुतण्या चार वर्षें हेंच करीत होता, आणि मीं त्याला दुकान बदलल्याचें सांगितलें!

गोंवरी विझल्यावर राख दोन दिवस उबदार राहते, थंडी मागाहून कळते. मेथाडोनचेंही तसेंच. हेरॉइन बंद केलें कीं सहा ते बारा तासांत हाल सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळसाला पोहोंचतात आणि आठवड्याभरांत बहुतेक ओसरतात. मेथाडोन अंगांत सांठून राहतें, म्हणून पहिला दिवस, कधीं दुसराही, सुखाचा जातो. हाल हळूहळू चढतात, चौथ्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास फार होतात, आणि दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक रेंगाळतात. घरचीं माणसें पहिल्या दोन दिवसांतच पेढे वांटून मोकळीं होतात, तें ह्यामुळें.

अफू परक्यांची आणि आपण अलिप्त, अशी आपल्या पांढरपेशा घरांत एक समजूत आहे. ती खरी नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया कामावर जातांना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. आणि ती केवळ चाळींतच दिली जात होती असें मानण्याचें कारण नाहीं. १८९३ सालीं अफूच्या चौकशीसाठीं विलायत सरकारनें एक कमिशन नेमलें होतें; त्याच्यासमोर ह्या देशांतल्या शेंकडों साक्षी झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं भरलेल्या अफू-परिषदेंत दहा वर्षांत, म्हणजे १९५९ पर्यंत, औषधाव्यतिरिक्त अफू बंद करण्याचें ठरलें. आजीचे मामा त्याच कालखंडांतले. आणि आज? केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें सव्वादोन कोटि लोक अफूच्या जातीचें कांहीं ना कांहीं घेतात. त्यांत रानांत राहणारे फार नसावेत.

आतां माझ्या मुख्य अपराधाकडे येतों. मीं बाटल्या ओतल्या, त्या वेळीं माझ्यामागें फळीवर चरकसंहिता आणि अष्टांगहृदय हे दोन्ही ग्रंथ होते. तरुणपणीं मीं ते एका शास्त्रीबोवांजवळ वाचले आहेत. चरकाच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत, वेग रोखूं नयेत हें सांगितल्यावर, अंगवळणी पडलेली अपथ्य गोष्ट कशी सोडावी ह्याचा विधि दिला आहे. ती एकदम सोडावयाची नाहीं. एकेका अंशानें कमी करीत, मधें दिवसांचें अंतर ठेवीत, जेवढें काढलें तेवढ्या जागीं पथ्य घालीत सोडावयाची. वाग्भट तर प्रमाणही सांगतो : चौथ्या हिश्शानें, किंवा चौथ्या हिश्शाच्याही चौथ्या हिश्शानें. म्हणजे सोळावा अंश. आणि संवयीची वस्तु अकस्मात् टाकली तर तिच्यापासूनच रोग उद्भवतात, असाही इशारा त्यानें दिला आहे. मामुली वाटणारा हा विधि पाठ असूनही मला त्या सोमवारीं आठवला नाहीं. आठवली ती तपकिरीची डबी.

नाशकाच्या डॉक्टरांना मीं ह्या वचनाचा अर्थ सांगितला, तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, “गुरुजी, आम्हीही तेंच करतों.” हल्लींच्या पद्धतींत मेथाडोन उतरवावयाचें झाल्यास एका वेळीं शेंकडा पांच ते दहा उतरवितात आणि मग दोन ते चार आठवडे तेथेंच थांबतात. सोळावा अंश म्हणजे शेंकडा सव्वासहा. चाळीस मिलिग्रॅम घेणाऱ्याचे अडीच कमी होतात. खालीं येऊं लागलें कीं पाऊल आणखी लहान करावें लागतें, कारण चाळीसांतून दोन काढणें आणि सहांतून दोन काढणें हीं गणितांत सारखीं असलीं तरी शरीराला सारखीं नव्हेत. असें उतरतां उतरतां सहा महिने, वर्ष, कित्येकांना त्याहूनही अधिक काळ लागतो. मधें घरांत मृत्यु झाला, नोकरी गेली, बाळंतपण आलें, तर थांबावें. प्रसंगीं एक पायरी वरही चढावें. त्यांत हार नाहीं. आणि सोडण्याची वेळ रोग्यानें ठरवावयाची, त्याच्या काकानें नव्हे. पुष्कळांनीं तें वर्षानुवर्षें चालू ठेवलेलेंच हिताचें असतें. गर्भवती स्त्रीनें तर तें बंद करण्याच्या भरीस पडूंच नये. अकस्मात् बंद केल्यास गर्भाला धोका असतो.

कांहीं बारीक गोष्टी डॉक्टरांनीं सांगितल्या, त्या विसरण्यासारख्या नाहींत.

आमच्या बाजूस क्षयरोग पुष्कळ. क्षयाच्या उपचारांतलें रिफाम्पिसिन हें औषध यकृताला असें कांहीं उत्तेजन देतें कीं, मेथाडोन अंगांतून झपाट्यानें निघून जातें. रोगी रोजची मात्रा इमानानें घेत असतो आणि तरीही त्याला सोडल्यासारखे हाल सुरू होतात. घरचे म्हणतात ढोंग करतो. फेंफऱ्याच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ह्या औषधांनींही तसेंच होतें. उलटपक्षीं झोंपेच्या गोळ्या किंवा दारू बरोबर घेतली तर श्वास मंदावून मृत्यु येऊं शकतो. कांहीं अँटिबायॉटिकें आणि हिवतापाचीं कांहीं औषधें मेथाडोनबरोबर हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे कशासाठींही जावें लागलें तरी मेथाडोन घेत असल्याचें आधीं सांगावें. लाजेपोटीं लपविलेली ही एक गोष्ट जिवावर बेतते.

मेथाडोनवरून ब्युप्रेनॉर्फीनवर येणें हाही एक मार्ग आहे, आणि आपल्या देशांत ब्युप्रेनॉर्फीनच अधिक ठिकाणीं मिळतें. परंतु तें घाईनें घेऊं नये. पंगतीला एकजण पाटावर बसलेला असतां दुसऱ्यानें त्याला ढकलून स्वतः बसावें, तसें हें औषध मेंदूंतील जागेवरून मेथाडोनला उठवितें, आणि स्वतः मात्र अर्धेंच काम करतें. त्यामुळें हाल एकदम उसळतात. म्हणून डॉक्टर मेथाडोन बहुधा तीसच्या खालीं आणतात, एक ते तीन दिवस थांबतात, हाल दिसूं लागले म्हणजे मग पहिली गोळी देतात. माझ्या पुतण्याचे पांच दिवस उपाशी गेले होते, म्हणून ती त्याला लगेच देतां आली. माझ्या मूर्खपणाचा तेवढाच उपयोग झाला. नाल्ट्रेक्सोन नांवाचें जें अडसर घालणारें औषध आहे, तें तर मेथाडोन बंद होऊन आठ-दहा दिवस, कधीं त्याहूनही अधिक, गेल्याखेरीज देतच नाहींत.

हाल असह्य असले तरी निरोगी माणूस नुसत्या त्या हालांनीं सहसा मरत नाहीं. जुलाब-उलट्यांनीं अंगांतलें पाणी आटूं न देणें हें पथ्य. मरण येतें तें नंतर. सोडल्याला आठ-पंधरा दिवस झाले म्हणजे पूर्वीं पचणारें विष शरीराला पचेनासें होतें. मन मात्र जुन्याच मापाची आठवण ठेवतें. अशा वेळीं मोह अनावर झाला आणि जुन्या मापानें हेरॉइन घेतलें कीं श्वास थांबतो. ह्याचीही ओळख आपल्या वैद्यकाला होती. चरकानें मदात्ययाच्या अध्यायांत ध्वंसक आणि विक्षय असे दोन विकार सांगितले आहेत; मद्य सोडलेला मनुष्य एकाएकीं पुन्हां अतोनात पिऊं लागला तर ते होतात, आणि ते कष्टसाध्य आहेत. फोन न लागलेल्या त्या रात्रीचा अर्थ मला त्या दिवशीं समजला. हेंच कारण कीं मेथाडोनच्या तीन किंवा अधिक मात्रा चुकल्या असतील तर चौथ्या दिवशीं पूर्वीची पूर्ण मात्राही आपल्या मनानें घेऊं नये. डॉक्टरांना विचारून नव्यानें प्रमाण ठरवावें.

आणि एकत्र कुटुंबांत आणखी एक जपणूक. मोठ्या माणसाची रोजची मात्रा लहान मुलाला प्राणघातक ठरते. एक घोटही पुरतो. हिरवें सरबत म्हणून नातवंडाच्या हातीं लागूं नये, म्हणून तो डबा कुलपांतच असावयास हवा होता. मुलाच्या कुलपाचा आम्हीं संशय घेतला; खरें तर त्या घरांत शहाणपणाची तेवढी एकच वस्तु होती. कोणी मोठ्यानें घोरूं लागला, श्वास थांबून थांबून येऊं लागला, ओठ निळे पडले, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि हांक मारून उठेना, तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावें, आणि रुग्णालयांत मेथाडोनचें नांव स्पष्ट सांगावें. उताऱ्याचें नालोक्सोन तेथें देतात. त्याचा गुण मेथाडोनच्या आधीं ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला कीं लगेच घरीं आणूं नये.

येथें थोडें विषयांतर करतों. जव्हार-मोखाड्यांत व्यसन म्हटलें कीं तें मोहाच्या दारूचें. रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकदम सोडली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान झटके येतात, भ्रम होतो, आणि त्यांत माणूस दगावूं शकतो. अफूच्या बाबतींत शपथ क्रूर ठरते. दारूच्या बाबतींत ती प्राणघातक ठरूं शकते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका वारली गृहस्थाला त्याच्या भगतानें “हळूहळू सोड, आणि डॉक्टरला दाखव” असें सांगितल्याचें मागाहून मला कळलें. मॅट्रिक होऊन संस्कृत शिकलेल्या माझ्यापेक्षां तो भगत शहाणा.

आतां उपचार कोठें मिळेल तें. जव्हारांत किंवा मोखाड्यांत मेथाडोन देणारें केंद्र नाहीं, आणि औषधांच्या दुकानांत तें विकत मिळत नाहीं. २०१४ च्या कायद्यानें तें अत्यावश्यक मादक औषधांच्या यादींत आलें, पण तें मान्यताप्राप्त संस्थांतूनच द्यावयाचें. आपल्या देशांत व्यसनोपचारासाठीं तें २०१२ पासून मोजक्या सरकारी केंद्रांत सुरू झालें. म्हणून परदेशांतून कोणी येणार असेल तर दोन-तीन महिने आधीं तयारी करावी. तेथील केंद्राचें पत्र, औषधाचें मूळ वेष्टण, आपल्या वकिलातीकडून आणण्याच्या नियमांची खात्री, आणि मुंबई किंवा नाशिक येथील एका मनोविकारतज्ज्ञाशीं आधींच बोलणें. पावसाळ्यांत घाटाचा रस्ता कधींही अडतो. तेव्हां औषध संपण्याची वाट पाहत जव्हारांत बसणें बरें नव्हे.

तांतडीच्या वेळीं जव्हारचें पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचें ग्रामीण रुग्णालय हीं जवळचीं. पाणी आटणें, झटके, श्वास मंदावणें ह्यांवर पहिला इलाज तेथें होतो. पुढील उपचारांसाठीं जव्हारहून नाशिक सुमारें ऐंशीं किलोमीटर, आणि आमच्या दृष्टीनें तेंच सोयीचें. तेथें जिल्हा रुग्णालय आहे. ठाण्यास १९०१ सालापासूनचें मनोरुग्णालय आहे, मुंबईंत के. ई. एम. रुग्णालयांत व्यसनमुक्तीचा विभाग आहे. फादर जो परेरा ह्यांनीं १९८१ सालीं वांद्र्यास सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचें काम वसईसही चालतें. पुण्याचें मुक्तांगण तर महाराष्ट्राच्या घरोघर माहीत आहे. अनिल अवचटांनीं गर्दच्या विळख्यांत सांपडलेल्या मुलांविषयीं लिहिलेलें वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले, त्यांनीं पैसे देऊं केले, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनीं १९८६ सालीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत तें उभें केलें. गर्द म्हणजे हेरॉइनचाच एक ओबडधोबड प्रकार. तेव्हां महाराष्ट्रांत ह्या रोगाच्या उपचाराला चाळीस वर्षांची परंपरा आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. घरबसल्या सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठीं १४४१६ ह्या सरकारी क्रमांकांवर पैसे न पडतां बोलतां येतें.

एक सावधगिरी हवी. ‘तीन महिन्यांत हमखास मुक्ति’ अशी पाटी लावून बसलेलीं कांहीं केंद्रें असतात; तेथें मुलाला कोंडतात, कधीं मारतातही, आणि औषध म्हणून कांहीं देत नाहींत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत व्यसनाधीनतेचाही समावेश आहे. अशा संस्थेची नोंदणी झालेली असली पाहिजे, आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवणें तिला बंधनकारक आहे. नोंदणीचा दाखला मागावा. मेथाडोन घेणाऱ्याला आम्ही घेऊं का, घेतल्यास तें एकदम बंद करूं का, हा प्रश्न सरळ विचारावा. “पहिल्याच दिवशीं बंद” असें उत्तर आलें तर नमस्कार करून बाहेर पडावें. तो गुरुजी माझ्याच पंथाचा आहे असें समजावें.

पुतण्या ठरल्यापेक्षां दहा दिवस उशिरां इंग्लंडास परतला. तेथील केंद्रानें त्याला रागावण्याऐवजीं पुन्हां मेथाडोनवर घेतलें, थोड्या प्रमाणापासून चढवीत चाळीसावर आणलें आणि वर्षभर तसेंच ठेवलें. उतरण्याचें त्यानेंच मागाहून ठरविलें. मधें कामाची फार ओढाताण झाली तेव्हां तो पांच महिने सव्विसावर थांबला होता. त्या वेळीं मला फार विचारावेंसें वाटे, पण वहिनींनीं मला तशी सक्त ताकीद दिली होती.

गेल्या रविवारीं त्याचा फोन आला. सध्यां अठरावर आहे. येत्या श्रावणांत येतों म्हणाला. आजीनें माझ्या हातांतून फोन घेतला, जेवलास का म्हणून विचारलें, आणि मग मला ऐकूं जाईल अशा बेतानें बजावलें, “येतांना डबा आण. किल्ली माझ्याजवळ दे, काकाजवळ देऊं नकोस.”